दानाची सवय कशी लावावी

मिळकत हाती येताच, खर्चाला सुरुवात करण्यापूर्वी, द्यायचा वाटा वेगळ्या पाकिटात ठेवावा. महिनाअखेरीस उरेल ते देऊ म्हटले की सहसा काही उरत नाही. येशूचा प्रेषित पौल यानेही बायबलमधील करिंथकरांस (करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीस) लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१६:२) आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या प्राप्तीच्या मानाने द्रव्य बाजूला ठेवण्यास सांगितले आहे. हा वाटा दशमांशच, म्हणजे मिळकतीचा दहावा भागच, असावा का, यावर ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. माझ्या मते आकड्याचा घोळ घालत बसण्यापेक्षा लहान रकमेने सुरुवात करणे बरे, कारण मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशूने जिला वाखाणले त्या विधवेने दानपेटीत दोन टोल्याच (अगदी कमी किमतीची नाणी) टाकल्या होत्या. गरजूला चारचौघांत देऊ नये, त्याची उलटतपासणी तर मुळीच करू नये, आणि पाकीट रिकामे असेल त्या आठवड्यात एखाद्या आजाऱ्याजवळ तासभर बसावे.