टपावरचा तंबू घेताना आधी टप पाहावा

रूफटॉप टेंट घ्यायचा ठरला की बहुतेकांचे लक्ष आधी तंबूच्या रंगरूपाकडे आणि किमतीकडे जाते. माझ्या मते सुरुवात गाडीच्या माहितीपुस्तिकेपासून करावी. टपावर किती किलो वजन चालेल हे त्यात दिलेले असते, आणि तो आकडा चालत्या गाडीचा असतो. घाटातल्या वळणावर किंवा अचानक ब्रेक लागल्यावर वरचे वजन गाडीला एका बाजूला ओढते, म्हणून ही मर्यादा कमी ठेवलेली असते. उभ्या गाडीचा टप त्याच्या कितीतरी पट भार सोसतो, त्यामुळे आत दोन माणसे झोपली म्हणून घाबरण्याचे कारण नसते.

हिशेब असा करावा. तंबू ५५ किलोचा, क्रॉसबार (तंबू टेकवायला टपावर आडवे बसवलेले दांडे) ७ किलोचे आणि आत गुंडाळून ठेवलेले अंथरूण-पांघरूण ५ किलोचे धरले, तर एकूण ६७ किलो होतात. मर्यादा ७५ असेल तर जमले. ५० असेल तर तो तंबू कितीही आवडला तरी सोडून द्यावा. क्रॉसबारची स्वतंत्र मर्यादाही पाहावी आणि दोन्हींपैकी लहान आकडा खरा मानावा. काढता येणारे फायबरचे छत किंवा कापडी टप असलेल्या गाडीत भार थेट छतावर टाकू नये. तिला सांगाड्यावर टेकणारा वेगळा रॅक लागतो.

हार्डशेल, म्हणजे कडक कवचाचा तंबू एक-दोन मिनिटांत उघडतो आणि वारा चांगला सोसतो, पण महाग असतो. सॉफ्टशेल, म्हणजे कापडी आवरणाचा तंबू घडी उलगडून गाडीच्या बाहेर पसरतो, त्यामुळे तेवढ्याच टपावर जास्त जागा मिळते. मात्र तो लावायला-आवरायला वेळ लागतो, आणि भर पावसात ते काम करताना माणूस आणि गादी दोन्ही भिजतात. जोडप्याला साधारण १४० सेंटिमीटर रुंदी पुरते. लहान मूल सोबत असेल तर १८० च्या आसपासचा पाहावा.

आपल्याकडे खरी परीक्षा कापडाची होते. सह्याद्रीत पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, म्हणून बाहेरचे आच्छादन खिडक्यांच्या पुढे किती येते आणि शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हे बोट फिरवून पाहावे. सुती मिश्रणाचे जाड कॅनव्हास हवा खेळती ठेवते, पण जड असते आणि वाळायला वेळ घेते. असा नवा तंबू पहिल्या सहलीपूर्वी घरीच पाण्याच्या नळीने पूर्ण भिजवून वाळवावा. धागे फुगतात आणि सुईची छिद्रे बरीचशी बुजतात. पॉलिस्टर हलके असते आणि लवकर वाळते, पण त्यात दमटपणा कोंडतो. हिवाळ्यात भंडारदऱ्याच्या काठी पहाटे गादी उचलून पाहिली तर खालचा पत्रा ओला लागतो. ते पाणी रात्रभराच्या श्वासाचे असते. गादीखाली जाळीदार चटई आणि समोरासमोर दोन खिडक्या असणे यासाठीच गरजेचे आहे.

शिडीवर दुकानातच चढून-उतरून पाहावे. रात्री अडीच वाजता, झोपेत, अनवाणी उतरायचे आहे हे लक्षात ठेवून पायऱ्यांची रुंदी तपासावी. गुडघ्यांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी हा तंबू नव्हेच, त्यांना जमिनीवरचाच बरा.

तंबूसह गाडीची उंची मोजून तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवावा. १८३५ मिलिमीटर उंचीच्या फॉर्च्युनरवर रॅक आणि बंद तंबू मिळून ३५० मिलिमीटर चढले, तर २.१ मीटर उंचीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ती शिरत नाही. मी स्वतः हे एका तुळईला खरचटून शिकलो. बसवल्यानंतर पहिल्या ५० किलोमीटरवर नटबोल्ट पुन्हा आवळावेत आणि पाना गाडीतच ठेवावा.

शेवटचा प्रश्न फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. ओला तंबू बंद ठेवला तर दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके उमटू लागतात, म्हणून परतल्यावर तो उघडून वाळवायला सोसायटीत मोकळी जागा हवी. पावसाळ्यात तो काढून ठेवायचा असेल तर उतरवायला किमान तिघे-चौघे लागतात, तेव्हा शेजाऱ्यांना आधीच विचारून ठेवावे.