नॅसमधली डिस्क बदलताय? आधी सीरियल नंबर उतरवा

नॅस म्हणजे नेटवर्कवरून फाइली पुरवणारा डिस्कांचा डबा. त्यातली डिस्क बदलण्याआधी बॅकअप घ्या. रेड (अनेक डिस्का एकत्र जोडून वापरायची रचना) म्हणजे बॅकअप नव्हे, हे पुन्हा सांगत बसत नाही. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली की दुसरी जाऊन चालत नाही, आणि उरलेल्या म्हाताऱ्या डिस्कांची खरी दमछाक होते ती रीबिल्डच्या, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करण्याच्या, वेळीच. निदान जे परत मिळणार नाही ते, फोटो आणि कागदपत्रं, बाहेरच्या डिस्कवर काढा. त्यातल्या चार-दोन फाइली उघडूनही पाहा.

आता सीरियल नंबर. कुठल्या स्लॉटमध्ये कुठल्या नंबरची डिस्क आहे, हे कागदावर उतरल्याशिवाय एकाही ट्रेला हात लावायचा नाही. स्क्रीनवर 'एसडीसी' (यंत्रणेने डिस्कला दिलेलं नाव) गेली असं दिसलं म्हणून तिसरा ट्रे ओढू नका. ती अक्षरं रीबूटनंतर बदलू शकतात. स्लॉटच्या आकड्यांचाही भरवसा नाही. काही सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतं आणि डब्यावर एकपासून छापलेलं असतं. मागच्या वेळी याच हिशेबात धडधाकट डिस्क बाहेर आली आणि अख्खा ॲरे, म्हणजे डिस्कांचा जोडलेला संच, बसला.

मेलेली डिस्क बऱ्याचदा यंत्रणेला दिसतच नाही, मग तिचा नंबर कुठून मिळणार? उलटीकडून या. ज्या दिसतायत त्यांचे नंबर उतरवा, मशीन रीतसर बंद करा, एकेक ट्रे काढून लेबल वाचा आणि त्याच जागी परत घाला. यादीत नाही ती मेलेली. लेबल वाचताना आठ आणि इंग्रजी बी, शून्य आणि ओ यांत गफलत होते, तेव्हा टॉर्च धरा नाहीतर फोटो काढून मोठा करून पाहा. शेवटची चार अक्षरं कागदी टेपवर लिहून ट्रेच्या दर्शनी बाजूला चिकटवा. आज कंटाळा आला तरी आजच.

नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. थोडीशीही कमी भरली तर ॲरे घेत नाही. सीएमआर (डेटाचे पट्टे वेगवेगळे लिहिणारी) आहे का ते मॉडेल नंबरावरून तपासा. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क स्वस्त दिसते, पण सलग लिहिताना मध्येच मान टाकते आणि रीबिल्ड रेंगाळतो. जोडण्याआधी दुसऱ्या मशीनवर तिची लांब स्मार्ट टेस्ट (डिस्क स्वतःच स्वतःची करते ती तपासणी) करा. कोरी डिस्कही खराब निघते.

बाकीच्या डिस्कांचा स्मार्ट रिपोर्टही पाहा, विशेषतः रीॲलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) आणि पेंडिंग (वाचताना अडलेल्या) सेक्टरचे आकडे. एकाच दिवशी घेतलेल्या डिस्का साधारण एकाच सुमारास थकतात. पेंडिंग शून्याच्या वर असेल तर आधी बॅकअप पूर्ण करा, घाई नको. बिघडलेली डिस्क अजून वाचता येत असेल आणि एखादा पोर्ट मोकळा असेल, तर ती आत ठेवूनच नवी त्या पोर्टवर जोडून बदला. एमडीएडीएम आणि झेडएफएस (ॲरे सांभाळणारी सॉफ्टवेअरं) दोन्हींना ते जमतं.

हाताशी हवं: सेटिंगची प्रत, यूपीएस, स्क्रू-ड्रायव्हर.

ट्रे ओढण्याआधी टेपवरची अक्षरं परत वाचा. कागदाशी ताडून, मोठ्याने. हो, आत्ताच वाचली होती तरीही.

नवी आत गेली की 'रिपेअर' किंवा 'रिप्लेस' निवडा, 'क्रिएट' नव्हे! सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी ८ टीबीला सुमारे १५ तास लागतात, जुन्या डब्यात आणखी. तोवर मोठ्या कॉप्या, अपडेट, रीबूट, सगळं बंद.

झालं की स्क्रब (सगळा डेटा वाचून पडताळणं) चालवा. बिघाडाची ईमेल सूचना खरंच येते का, टेस्ट मेल पाठवून बघा. कागदावर आणि ट्रेवर नवा सीरियल नंबर. जुनीची वॉरंटी पाहा. फिरत असेल तर पुसून, नसेल तर भोकं पाडून ई-कचऱ्यात.