आमदाराचं शपथपत्र कसं वाचायचं: फक्त एकूण आकडा बघून सोडू नका

निवडणूक आली की पेपरात आणि व्हॉट्सअपवर एकच गोष्ट फिरते, अमक्याची संपत्ती पाच वर्षात इतक्या पट वाढली. लोक शिव्या घालतात, दोन दिवसांनी विसरतात. पण तो आकडा उमेदवाराने अर्जासोबत दिलेल्या ज्या शपथपत्रातून आला तो कागद फार थोडे लोक उघडतात आणि खरी माहिती त्यातच आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी हे आलं कुठून ते थोडक्यात. निवडणूक सुधारणांसाठी काम करणाऱ्या एडीआर या संस्थेने 1999 मध्ये दिल्ली हायकोर्टात याचिका केली, ती पुढे सुप्रीम कोर्टात गेली आणि 2 मे 2002 ला निकाल आला की उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण हे जाणून घेणं मतदाराचा हक्क आहे. सरकारने कायदा बदलून त्यातलं बरंच काही टाळायचा प्रयत्न केला, तर मार्च 2003 मध्ये कोर्टाने ते कलमच रद्द केलं. म्हणजे ही माहिती आपल्याला कोणी खुशीने दिलेली नाही, भांडून मिळालीय, आणि म्हणून ती वापरली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. शिवाय आमदाराच्या बाबतीत हाच एक हमखास उघडा कागद आहे. खासदाराला शपथ घेतल्यावर 90 दिवसांत सभागृहाकडे मालमत्ता जाहीर करावी लागते, पण ते कलम आमदारांना लागू नाही. सरकारी अधिकाऱ्यांचं म्हणाल तर आयएएसवाल्यांची स्थावर मालमत्तेची विवरणपत्रं बघायला मिळतात, पण साध्या कर्मचाऱ्याची माहिती आरटीआयमध्ये मागितली तर बहुतेक वेळा सुप्रीम कोर्टाचा 2012 चा गिरीश देशपांडे निकाल दाखवून "वैयक्तिक माहिती" म्हणून नाकारतात.

तर कागद कुठे मिळतो? निवडणूक आयोगाची शपथपत्रांची वेगळी साइट आहे, अफिडेव्हिट डॉट ईसीआय डॉट गव्ह डॉट इन. तिथे निवडणूक, राज्य, मतदारसंघ निवडायचा, उमेदवाराच्या नावावर जायचं आणि पीडीएफ उतरवून घ्यायची. एडीआरची मायनेता म्हणून साइट आहे तिथेही आकडे काढून मांडलेले असतात आणि जुन्या निवडणुकीतलेही सापडतात, पण ती वाट दाखवायला वापरा, शेवटी बघायचं मूळ स्कॅनच, कारण हाताने भरलेल्या कागदात खाडाखोड, रिकामे रकाने, "निरंक" लिहिलेलं हे सगळं तिथेच दिसतं. एकाच उमेदवाराची दोन-तीन शपथपत्रं पण असू शकतात, शेवटचं दाखल केलेलं कुठलं ते तारखेवरून बघून घ्या.

या फॉर्मला नमुना 26 म्हणतात. 2019 पासून त्यात उमेदवार, नवरा किंवा बायको, अविभक्त हिंदू कुटुंब आणि अवलंबित या सगळ्यांचा पॅन आणि मागच्या पाच वर्षांच्या रिटर्नमधलं उत्पन्न द्यावं लागतं, परदेशातली मालमत्ताही. इथे पहिली गंमत समजून घ्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, त्यामुळे रिटर्नमधला आकडा चार-पाच लाख आणि जमीन-गाड्या कोटींच्या असं दिसलं की लगेच चोर म्हणू नका, पण प्रश्न मात्र विचारा, कारण उत्पन्नाचा स्रोत काय हे पण लिहावं लागतं आणि तिथे बरेच जण नुसतं "शेती व व्यवसाय" लिहून मोकळे होतात. कुठला व्यवसाय? तिथे थांबा, पुढे जाऊ नका. त्याच्याच जवळ सरकारी कंत्राटांचा रकाना आहे, स्वतःची, जोडीदाराची, भागीदारीतली, तो तर आपल्या गावच्या रस्त्याशी थेट जोडलेला असतो.

अवलंबित या शब्दात सगळ्यात मोठी पळवाट आहे. अवलंबित म्हणजे ज्याला स्वतःचं वेगळं उत्पन्न नाही आणि जो उमेदवारावर जगतो तो. म्हणजे तीस वर्षाचा मुलगा स्वतःच्या नावावर बांधकाम कंपनी चालवत असेल तर त्याचं एक अक्षरही इथे येणार नाही आणि ते कायद्याने बरोबरच आहे. म्हणून "कुटुंबाची संपत्ती" असं वाचलं की त्यात कोण कोण धरलंय ते आधी बघायचं.

जंगम मालमत्तेत रोकड, बँक ठेवी, शेअर, विमा, गाड्या, दागिने असं येतं. मी यात सगळ्यात जास्त वेळ एका ओळीवर घालवतो, दुसऱ्यांना दिलेली कर्जं आणि उसनवारी. तिथे कंपन्यांची, फर्मची, नातेवाईकांची नावं येतात, मग ती नावं कर्जाच्या भागात उलट्या बाजूने परत येतात का बघा, नवऱ्याने बायकोला दिले, बायकोने फर्मला, फर्मने परत नवऱ्याला. त्यात बेकायदा काही असेलच असं नाही पण माणसाचे व्यवहार कुठे कुठे पसरलेत याचा नकाशा तिथे मिळतो.

आता "संपत्ती वाढली" म्हणजे काय. 2019 आणि 2024 ची दोन्ही शपथपत्रं शेजारी ठेवा आणि किंमत सोडून वस्तू मोजा. सोन्याचं वजन लिहिलेलं असतं. समजा दोन्हीकडे 500 ग्रॅमच आहे, तर 2019 च्या निवडणुकीवेळी 10 ग्रॅमला साधारण 38-39 हजार होता तो 2024 ला 75 हजारांच्या वर गेला, म्हणजे काहीही न घेता दागिन्यांची रक्कम जवळपास दुप्पट. जमिनीचंही तसंच. प्रत्येक जमिनीसमोर गट नंबर, क्षेत्रफळ, वारसाने आली का विकत घेतली, खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत आणि आजचा अंदाजे बाजारभाव असे रकाने असतात. हा बाजारभाव उमेदवार स्वतःच लिहितो हे लक्षात ठेवा. कोणी रेडीरेकनरने म्हणजे सरकारी दराने लिहितो, कोणी मनाने. त्यामुळे जुना गट नंबर तोच असेल तर ती वाढ बाजारभावाची, पण नवीन गट नंबर दिसला, 2019 नंतरची खरेदी तारीख दिसली तर तेच खरं बघण्यासारखं, ती खरेदी त्या वर्षांच्या उत्पन्नात आणि कर्जात बसते का ते ताडून पहा. आणि उलटंही बघा, आधी असलेला गट आता गायब असेल तर विकला का, कोणाला?

ताडून बघायला आपल्याकडे साधनं चांगली आहेत. महाभूलेखवर गाव आणि गट नंबर टाकून सातबारा फुकट दिसतो, शहरात मिळकत पत्रिका. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर खरेदीखताची सूची 2, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, शोधता येते. फर्म कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर संचालक कोण ते कळतं. सातबाऱ्यावर नाव सामाईक खात्यात असलं तर वाटा किती ते नीट बघा, पूर्ण क्षेत्र त्याचंच धरून आरोप केला की आपलीच चूक होते आणि पुढचं खरं म्हणणंही कोणी ऐकत नाही.

चूक सापडली तर काय. अर्ज भरायच्या काळातच सापडली तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे प्रतिशपथपत्र, म्हणजे उमेदवाराचं म्हणणं खोडणारं शपथपत्र, द्या, ते पण साइटवर टाकतात. रकाने रिकामे ठेवले आणि सांगूनही भरले नाहीत तर अर्ज बाद होऊ शकतो, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय, पण माहिती खोटी आहे एवढ्यावर छाननीत अर्ज बाद होत नाही. खोटी माहिती देणं किंवा लपवणं यासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 125 अ आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मला विचाराल तर ही शिक्षा फारच हलकी आहे. बारीकसारीक वस्तूंवर मात्र वेळ घालवू नका, एप्रिल 2024 मध्ये अरुणाचलच्या एका आमदाराच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की प्रत्येक जंगम वस्तू सांगायलाच हवी असं नाही, ती मोठ्या किमतीची असेल किंवा त्यातून राहणीमान दिसत असेल तर सांगायला हवी.

निवडून आल्यावर आव्हान द्यायचं तर हायकोर्टात निवडणूक याचिका करावी लागते, ती त्या मतदारसंघाचा मतदार किंवा उमेदवार करू शकतो, आणि निकालापासून 45 दिवसांत. ही मुदत पुढे ढकलून मिळत नाही, म्हणून वकिलाकडे जाण्याआधीच दोन्ही शपथपत्रांच्या पीडीएफ, 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा आणि सूची 2 ची प्रत हे सगळं काढून तारखेसकट एका फाइलीत लावून ठेवा.