फुटिंग भरायच्या आधी अर्थिंगची सळई टाकून घ्या

घर बांधायला काढलं की टाइल्स आणि किचनवर महिनाभर चर्चा होते, आणि अर्थिंगचं मात्र शेवटी वायरमन आला की अंगणात एक खड्डा, त्यात जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, कोळसा-मीठ, झालं. आमच्याकडे दोन फुटांवर मुरूम संपतो आणि खाली काळा पाषाण, मे महिन्यात तो खड्डा कोरडाठाक होतो, पाणी ओता म्हणतात पण कोण रोज ओततंय. म्हणून ज्यांचं फुटिंग (पायाचं काँक्रीट) अजून भरायचंय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण हे काम काँक्रीट पडायच्या आधीच होतं, नंतर कितीही पैसे टाकले तरी होत नाही.

पायातल्या सळ्याच अर्थिंग म्हणून वापरायच्या, एवढंच करायचंय. काँक्रीट जमिनीतला ओलावा ओढून घेतं आणि धरून ठेवतं, त्यात सिमेंटमुळे क्षार असतात, त्यामुळे मातीत गाडलेलं काँक्रीट वीज बऱ्यापैकी वाहून नेतं आणि अख्ख्या पायाइतका पसारा जमिनीला चिकटलेला मिळतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हर्बर्ट उफर या माणसाने अॅरिझोनातल्या दारूगोळ्याच्या कोठारांसाठी हे केलं, तेही जिथे पाऊस नावाला पडतो अशा ठिकाणी, आणि बऱ्याच वर्षांनी मोजलं तेव्हाही रीडिंग 2 ते 5 ओहम, आणि हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. तिकडे अजून याला उफर ग्राउंडच म्हणतात.

आता करायचं काय. अमेरिकन नियमात कमीत कमी 20 फूट सलग लांबीची अर्धा इंची सळई आणि सगळीकडून 2 इंच काँक्रीट एवढं पुरतं. जर्मनीत त्याहून कडक, घराच्या बाहेरच्या कडेने बंद रिंग, 10 मिमी गोल सळई किंवा 30 बाय 3.5 मिमी पट्टी, आणि दर 2 मीटरवर पायाच्या लोखंडाला जोड. मला जर्मन पद्धत पटते, खर्च फार वाढत नाही. 16 मिमीची एक वेगळी सळई घ्या, बाहेरच्या फुटिंगमधून आणि त्यांना जोडणाऱ्या जमिनीखालच्या बीममधून खालच्या बाजूने फिरवा, कव्हर ब्लॉकवर (सळई उचलून धरणारे सिमेंटचे ठोकळे) ठेवा, मातीला टेकू देऊ नका. बाकी सळ्यांना बाइंडिंग वायरने घट्ट बांधा किंवा क्लॅम्प लावा. फिटरला कॉलमच्या मेन सळ्यांवर वेल्डिंग करू देऊ नका, आपल्या जादा सळईचे तुकडे एकमेकांना वेल्ड केले तर चालतं, आणि तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी दाखवाच.

दोन गोष्टींनी सगळं फुकट जातं. फुटिंगखाली प्लास्टिकचा कागद अंथरला तर ओलावाच मिळत नाही, आणि इपॉक्सी कोटिंगची सळई असेल तर लोखंड काँक्रीटला टेकतच नाही.

सळईचं टोक काँक्रीटमधूनच वर आणा, आतल्या भिंतीत फ्लोअरच्या फूटभर वर बॉक्स करून त्यात काढा, मातीतून बाहेर काढलं तर तिथेच गंजून तुटेल. बॉक्समध्ये क्लॅम्प, टिन केलेला लग (वायरच्या टोकाला बसवायचा जोड), आणि तिथून 16 स्क्वेअर मिमी तांब्याची वायर मेन बोर्डच्या अर्थ बारला. बॉक्स प्लास्टर करून बुजवू नका!! उद्या तपासायला हात पोचायला हवा.

बाहेरचा जुना जीआय पाइप याला जोडायचा मोह होतो, तो आवरा. काँक्रीटमधलं लोखंड विजेच्या हिशोबात जवळपास तांब्यासारखं वागतं, त्यामुळे मातीतलं जस्त आधी खाल्लं जातं आणि पाइप काही वर्षांत संपतो. बाहेर जोडायचंच असेल तर तांबं नाहीतर चांगल्या प्रतीचं स्टेनलेस.

मोजणी अर्थ टेस्टरने, मेन बोर्डची वायर सोडवून, शक्यतो मे महिन्यात. पाया मोठा असल्याने टेस्टरच्या जमिनीत ठोकायच्या पिना घरापासून लांब ठोका, करंटची पिन घराच्या कर्णाच्या निदान पाचपट अंतरावर आणि व्होल्टेजची त्याच रेषेत 62 टक्क्यांवर.

आणि रीडिंग 5 ओहम आलं म्हणून आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) टाळू नका. गीझरच्या बॉडीला आतून वीज लागली तर 230 व्होल्टला 5 ने भागा, 46 अँपिअर येतात, 32 चा एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच) त्यावर तासभरातसुद्धा पडेलच असं नाही आणि तोवर गीझरची बॉडी जिवंत. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा, त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा, आणि अर्थिंग चांगलं आलंय म्हणून न्यूट्रल त्याला घरात कुठेही जोडू नका.

काँक्रीट पडायच्या दिवशी साइटवर स्वतः उभे राहा, व्हायब्रेटर लावताना सळई सरकते. आदल्या दिवशी टेप ठेवून प्रत्येक जोडाचे फोटो काढा, नंतर कुणी विचारलं तर दाखवायला तेवढंच हातात राहतं.