ॲक्शन कॅमेऱ्यात कार्ड एरर: 'फॉरमॅट' दाबण्याआधी या चुका टाळा

स्क्रीनवर 'एसडी एरर' झळकलं की बहुतेकांचं बोट आधी फॉरमॅटवर जातं. कार्ड रिकामं असेल तर खुशाल करा. पण त्यात फुटेज असेल, तर आधी ते बाहेर काढायचं आणि दुरुस्तीचं नंतर बघायचं. एरर आलेलं प्रत्येक कार्ड मेलेलं नसतं; कधी वेग कमी पडतो, कधी फाइल अर्धवट राहते, कधी कार्डच नकली निघतं.

मोठा आकडा बघून कार्ड घेणं

कार्डावर ठळक छापलेला १७० किंवा २०० मेगाबाइटचा आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो, तोही 'कमाल'. व्हिडिओसाठी लागतो तो लिहिण्याचा किमान वेग, आणि तो 'व्ही' अक्षरापुढे असतो: व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट, व्ही६० म्हणजे ६०. यू३ म्हणजेही ३०च, पण यू१ आणि क्लास १० फक्त १०. आता हिशोब करा. सेकंदाला १०० मेगाबिटवर चालणारं ४के रेकॉर्डिंग (आठ बिट म्हणजे एक बाइट) सेकंदाला साडेबारा मेगाबाइट लिहितं, म्हणजे क्लास १०च्या हमीत ते बसतच नाही. ए१, ए२ या खुणा मोबाइलमधल्या ॲपसाठी आहेत. व्हिडिओच्या वेगाची हमी त्या देत नाहीत. यूएचएस हा कार्ड आणि कॅमेऱ्यातल्या जोडणीचा प्रकार. यूएचएस-२चं महाग कार्डही यूएचएस-१च्या कॅमेऱ्यात यूएचएस-१च्याच वेगाने चालतं. म्हणजे पैसे वाया.

वेग कमी पडल्याचं लक्षण ओळखायला सोपं आहे. १०८०पी नीट चालतं, पण ४के किंवा स्लो मोशन लावलं की काही सेकंदांतच रेकॉर्डिंग थांबतं. तेच जर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबलं आणि कॅमेरा हाताला चांगलाच गरम लागला, तर आधी संशय उष्णतेवर घ्या. तिथे कार्ड बदलून काही होत नाही.

लांब रेकॉर्डिंगचे तुकडे पडतात, तो मात्र बिघाड नाही. बरेच कॅमेरे ४ जीबीला फाइल तोडून पुढची सुरू करतात. १०० मेगाबिटला हे साधारण साडेपाच मिनिटांनी होतं.

नकली कार्डाला खरं समजणं

५१२ जीबी असं छापलेल्या कार्डात प्रत्यक्षात ३२ जीबीचीच चिप असू शकते. कंट्रोलरमध्ये, म्हणजे कार्डाचा कारभार बघणाऱ्या चिपमध्ये, फेरफार केलेला असल्यामुळे कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोघेही ५१२च दाखवतात. पहिले ३२ जीबी व्यवस्थित भरतात. त्यानंतरच्या क्लिप यादीत दिसतात, त्यांचा आकारही बरोबर दिसतो, पण त्या चालत नाहीत. काही वेळा जुन्या क्लिपही पुसल्या जातात. बाहेरून बघून हे कळत नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ३ हे मोफत प्रोग्राम अख्खं कार्ड भरून पुन्हा वाचून बघतात. मोठ्या कार्डाला यात काही तास जातात, पण नवं कार्ड या चाचणीशिवाय वापरूच नये असं आमचं मत आहे.

लाल दिवा लुकलुकत असताना बॅटरी काढणं

एमपी४ फाइलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे, याची सूची असते. बऱ्याच कॅमेऱ्यांत ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर, अगदी शेवटी लिहिली जाते. त्याआधीच बॅटरी निघाली, संपली किंवा धक्क्याने तिचा संपर्क तुटला, तर व्हिडिओचा डेटा कार्डावर असतो पण सूची नसते. अशी फाइल दोन-तीन जीबीची दिसते आणि कुठल्याच प्लेअरमध्ये उघडत नाही.

ती डिलीट करू नका. बॅटरी पूर्ण चार्ज करून तेच कार्ड त्याच कॅमेऱ्यात घाला आणि कॅमेरा सुरू करा. गोप्रोसारखे कॅमेरे अपुरी फाइल ओळखून दुरुस्तीची खूण दाखवतात. फाइलचं नाव मात्र बदललेलं नको. याने जमलं नाही तर फाइल कॉम्प्युटरवर घ्या. त्याच कॅमेऱ्याची, त्याच रिझोल्यूशन आणि फ्रेमरेटची दुसरी चांगली क्लिप नमुना म्हणून दिली की अनट्रंक हा प्रोग्राम सूची पुन्हा बांधायचा प्रयत्न करतो. नमुना वेगळ्या सेटिंगचा असेल तर हाती काही लागत नाही.

कॉम्प्युटरवर डिलीट, कॉम्प्युटरवरच फॉरमॅट

मॅकवर कार्डातल्या फाइल ट्रॅशमध्ये टाकल्या आणि ट्रॅश रिकामा केला नाही, तर त्या लपलेल्या फोल्डरमध्ये तशाच राहतात. मग कॅमेरा 'कार्ड भरलं' म्हणतो आणि आत दिसत काहीच नाही. फुटेज उतरवून, उघडतंय ना ते तपासून, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं. कॅमेऱ्याला कार्ड ओळखताच येत नसेल, तर एसडी असोसिएशनचा एसडी कार्ड फॉरमॅटर आधी चालवा आणि मग पुन्हा कॅमेऱ्यात फॉरमॅट करा.

जुने कार्ड रीडर ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं वाचू शकत नाहीत, आणि विंडोज लगेच 'फॉरमॅट करायचं का?' विचारतं. 'नाही' म्हणा, रीडर बदलून बघा. चेकडिस्कची, म्हणजे विंडोजच्या डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रामचीही घाई नको. तुटलेल्या फाइलचे ते सीएचके नावाचे तुकडे करून ठेवतं. चुकून फॉरमॅट झालंच, तर त्यावर एक फोटोसुद्धा काढू नका. पुसलेल्या फाइल शोधणारा फोटोरेक हा प्रोग्राम चालवा आणि सापडलेल्या फाइल दुसऱ्या डिस्कवर साठवा.

खाच ओली असताना झाकण उघडणं

समुद्रातून आल्यावर झाकण बंद ठेवूनच कॅमेरा गोड्या पाण्याने धुवा, कोरडा करा आणि मगच कार्ड काढा. कार्डाचे सोनेरी संपर्क मळले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या. कार्ड 'टक' असा आवाज येईपर्यंत आत गेलं पाहिजे. कॉम्प्युटर 'राइट प्रोटेक्टेड' म्हणत असेल तर आधी ॲडॅप्टरच्या कडेची लॉकची पट्टी बघा. मायक्रोएसडीवर तशी पट्टीच नसते.

फॉरमॅट केलं, तरी जुन्या क्लिप परत आल्या

फॉरमॅट यशस्वी झाल्याचा संदेश येतो, कार्ड काढून पुन्हा घातलं की जुन्या क्लिप जशाच्या तशा हजर. लॉकची पट्टी उघडी असेल आणि दुसऱ्या रीडरवरही हेच होत असेल, तर ते कार्ड संपलं. झिजल्यावर काही कार्डं स्वतःला फक्त वाचण्यापुरती करून घेतात आणि लिहिलेलं मुकाट्याने टाकून देतात. यावर कुठलाही फॉरमॅटर चालत नाही. वॉरंटीची मुदत बघा, आहे ते फुटेज उतरवून घ्या. त्यातलं काहीच पुसता येत नसल्यामुळे, टाकून देणार असाल तर कार्डाचे कात्रीने तुकडे करूनच टाका.