इंटेलवरून रायझनकडे जाताना

रायझन हे एएमडी कंपनीचे प्रोसेसर. प्रोसेसरची कंपनी बदलली की मदरबोर्ड बदलणं आलंच. पण खरा हिशेब रॅमचा असतो. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटला (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) फक्त डीडीआर५ प्रकारची रॅम चालते. जुनी डीडीआर४ रॅम वाचवायची असेल तर आधीचं एएम४ घ्यावं लागेल. ते सॉकेट २०१६ चं, पुढे वाढायला फारशी जागा नाही. परवडत असेल तर नवी रॅम घेऊन एएम५ च बरं.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरचं नाव नीट वाचा. रायझन ५ ७६०० मध्ये ग्राफिक्स आहे, ७५००एफ मध्ये नाही, जुन्या ५६०० मध्येही नाही.

लातूर-नांदेडच्या दुकानात बोर्ड कधी कधी बरेच दिवस पडून असतो. बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) जुना असला की नवा प्रोसेसर ओळखत नाही, पंखे फिरतात अन् स्क्रीन काळीच. दुकानदाराकडूनच अपडेट करून घ्या. घरी करायचं तर यूपीएसवर. मधेच लाईट गेली तर बोर्ड बसलाच म्हणून समजा.

उलट एएम४ काढून इंटेल बसवणार असाल तर कूलर सरळ वर ओढू नका. पिना प्रोसेसरलाच असतात. कूलरखालच्या वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सैल करा.

आणि हो, डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की आधीच वहीत लिहून ठेवा. नवा बोर्ड लागला की विंडोज ती मागतंच.