गोफमधील आग धूर दिसण्यापूर्वी कशी ओळखावी

कोळसा पेटण्याच्या कितीतरी आधीपासून तापत असतो. भूमिगत खाणीत कोळसा काढल्यावर मागे राहिलेल्या पोकळीत, म्हणजे गोफमध्ये, उरलेला चुरा हवेतील ऑक्सिजन शोषून आपोआप गरम होतो. तेथे झिरपणारी हवा ऑक्सिजन पुरवण्याइतकी असली, पण उष्णता वाहून नेण्याइतकी नसली, की तापमान चढत जाते.

छताला घाम सुटणे, हवेत धुके धरणे, रॉकेलसारखा वास येणे या खुणा जुन्या ओव्हरमनच्या (खाणीतील कामावर देखरेख करणाऱ्याच्या) नाकाडोळ्यांना बरोबर कळतात. मात्र तोवर उशीर झालेला असतो, म्हणून भिस्त कोळसा तापताना सुटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूवर ठेवावी.

पॅनेलच्या (खाणीतील कोळसा काढण्याच्या एका विभागाच्या) रिटर्नमध्ये, म्हणजे वापरलेली हवा बाहेर जाण्याच्या वाटेत, एक जागा खडूने खूण करून ठरवावी आणि नमुना नेहमी तेथूनच घ्यावा. ब्लास्टिंगनंतर किंवा डिझेल यंत्र जवळून गेल्यावर हा वायू तसाही वाढतो, त्यामुळे ती वेळ टाळावी. ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) ही मर्यादा माणसाच्या श्वासासाठी आहे. आग ओळखण्यासाठी तिची वाट पाहणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक होय. रोज ६ असणारा आकडा ८, मग ११ झाला, तर चौकशी त्याच शिफ्टमध्ये सुरू व्हावी.

हवा कमी-जास्त झाली की पीपीएम फसवतो, म्हणून ग्रॅहम गुणोत्तर काढावे. नायट्रोजनच्या टक्केवारीला ०.२६५ ने गुणून त्यातून ऑक्सिजन वजा केला की किती ऑक्सिजन खर्च झाला ते कळते. नायट्रोजन ८०, ऑक्सिजन १८ असेल तर ही तूट ३.२ येते, कार्बन मोनॉक्साइड ०.०३२ टक्के असल्यास त्याला तुटीने भागून १०० ने गुणल्यावर उत्तर १ मिळते. साधारणपणे ०.४ पर्यंत चिंता नसते, ०.५ ला कसून तपासणी करावी, १ ला कोळसा तापत असल्याचे जवळजवळ निश्चित समजावे आणि ३ च्या पुढे आग लागलेली आहे असे धरून चालावे. तूट अगदीच नगण्य असली, तर मात्र या गणितावर विसंबू नये.

बंद केलेल्या पॅनेलच्या स्टॉपिंगमागचा, म्हणजे ते बंद करणाऱ्या भिंतीमागचा, नमुना बॅरोमीटर उतरत असताना घ्यावा, कारण तेव्हा गोफ श्वास बाहेर सोडतो. बॅरोमीटर चढत असताना बाहेरची ताजी हवा आत शिरते आणि बाटलीत तीच भरली जाते. नमुना घेण्याच्या नळीतील जुनी हवा पंपाने आधी काढून टाकावी, मगच बाटली भरावी, आणि तिच्यावर तारीख व वेळेसोबत त्या क्षणीचे बॅरोमीटरचे वाचनही लिहावे.